बिनमताच्या खासदारासाठी मत द्यायचं कशाला? (वॉशिंग्टन डीसीची डेलिगेट निवडणूक)

सायली_डीसी

नमस्कार मंडळी. सिटिझनशिपनंतरची ही माझी पहिलीच निवडणूक. राहते वॉशिंग्टन डीसीत. खुद्द डीसीत हं, 'आम्ही डीसीला असतो' म्हणणाऱ्या फेअरफॅक्स-रॉकव्हिलच्या उपनगरवाल्यांसारखी नाही. :)

जून २०२६ मध्ये इथे प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आहे. महापौरपद आहे, नगर परिषदेच्या काही जागा आहेत आणि अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधीगृहातली डेलिगेटची एक जागा आहे. एलिनॉर होम्स नॉर्टन १९९१ पासून तिथे आहेत. यंदा त्या उभ्या राहत नाहीत, त्यामुळे इतक्या वर्षांनी जागा मोकळी झाली आणि उमेदवारांची झुंबड उडाली. नगर परिषदेतले रॉबर्ट व्हाइट आणि ब्रूक पिंटो हे त्यातले ठळक. दाराच्या कडीला पत्रकं अडकवलेली असतात, फोनवर मेसेजचा मारा चालू आहे, मेट्रोतून वर आलं की कोणीतरी हसतमुखाने आडवं येतंच.

आणि एवढं सगळं कशासाठी? तर सभागृहात मत नसलेल्या माणसासाठी! डेलिगेटला भाषण करता येतं, विधेयक मांडता येतं, समितीत बसता येतं, समितीत मतही देता येतं. पण अंतिम मतदानात ४३५ जण बटण दाबणार आणि आमच्या जवळपास सात लाख लोकांचा प्रतिनिधी बघत बसणार. डीसी राज्य नाही ना, म्हणून सिनेटमध्ये तर आमचं कोणीच नाही. फेडरल टॅक्स मात्र पूर्ण भरायचा.

माझा प्रश्न सरळ आहे. या जागेसाठी उमेदवार कसा निवडायचा? आमदार-खासदार निवडताना आपण बघतो की हा कोणत्या बाजूने मत देईल. इथे मतच नाही, मग बघायचं काय? की हा रकाना सोडूनच द्यावा?

खडूस_कोथरूडकर

स्वीकृत नगरसेवक म्हणा की सरळ. सभेला बसायचं, चहा-बिस्किटं घ्यायची, गाडीवर पाटी लावायची, मतदानाच्या वेळी छताकडे बघायचं.

झणझणीत

पगाराचं काय? तो तरी मिळतो का, की तोही 'बिनमताचा'?

खडूस_कोथरूडकर

शोधलं. पगार पूर्ण. वर्षाला १,७४,००० डॉलर, इतर सदस्यांइतकाच. मी उभा राहतो.

ॲडव्होकेट_आबा

@खडूस, उपमा झकास पण अर्धीच लागू. स्वीकृत नगरसेवकाला मत नाही हे बरोबर, घटनेच्या कलम २४३-आरमध्येच तसं लिहिलं आहे. पण त्याला लोक निवडत नाहीत, पक्षांच्या संख्याबळावर त्याची नेमणूक होते. आपल्या संसदेत ॲटर्नी जनरलला कलम ८८ नुसार दोन्ही सभागृहांत बोलता येतं, मत देता येत नाही. तोही नेमलेला. डीसीचा प्रकार याहून विचित्र आहे. लोकांनी रीतसर प्रचार करायचा, रांगेत उभं राहून मतदान करायचं, निकालाच्या रात्री जल्लोष करायचा, आणि निवडून कोण जाणार तर ज्याला मत नाही तो.

बाकी दिल्लीशी तुलना करून पाहा. दिल्ली पूर्ण राज्य नाही, पोलीस केंद्राच्या हातात, नायब राज्यपालांशी कायमची भांडणं. पण लोकसभेत सात खासदार, सातही मत देणारे. राज्यसभेत तीन. राजधानी आहे म्हणून मत काढून घ्यावं, असं आपल्याकडे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

रॉकव्हिलचा_बाळ्या

यावर सोपा उपाय आहे आणि तो दोनशे वर्षं समोर आहे. डीसी मेरीलँडला जोडून टाका. मुळात जमीन मेरीलँडचीच. व्हर्जिनियाने दिलेला नदीपलीकडचा भाग, म्हणजे आजचं आर्लिंग्टन आणि अलेक्झांड्रियाचा जुना भाग, १८४७ मध्ये परत गेलाच ना? तिथल्या लोकांना दोन सिनेटर आणि मत देणारा खासदार मिळतो. कॅपिटल (संसद भवन) आणि व्हाइट हाउसच्या भोवतीचा तुकडा ठेवा, बाकीचं आमच्याकडे द्या. आम्ही सांभाळून घेऊ.

सायली_डीसी

@बाळ्या, सांभाळून घेण्याचा अनुभव आहे हो. डीसीत गांजा बाळगण्याला २०१४ साली लोकांनी मतदानाने मान्यता दिली. मग दुकानातून विक्रीचे नियम करायला निघालो, तर त्यासाठी पैसे खर्चायलाच बंदी घालणारं कलम बजेटमध्ये घुसवलं ते तुमच्याच मेरीलँडच्या खासदाराने, अँडी हॅरिस यांनी. मी गांजा ओढत नाही, पण ज्याला आम्ही निवडलेलं नाही तो आमच्या नगरपालिकेचं बजेट लिहितो हे डोक्यात जातं.

रॉकव्हिलचा_बाळ्या

ते ईस्टर्न शोअरचे, मेरीलँडच्या पार दुसऱ्या टोकाचे. आमचा त्यांच्याशी संबंध नाही. :D

सुमनताई

मी डीसीत वॉल्टर फॉन्ट्रॉय डेलिगेट होते तेव्हापासून राहते, म्हणून थोडं लांबण लावते.

फॉन्ट्रॉय १९७१ मध्ये निवडून आले, त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं या शहराला तेवढंही नव्हतं. १८७१ ते १८७५ एक डेलिगेट होऊन गेला, मग ते पद बंद. राष्ट्राध्यक्षाला मत देण्याचा हक्कसुद्धा २३व्या घटनादुरुस्तीने १९६१ मध्ये मिळाला आणि प्रत्यक्ष मतदान १९६४ ला झालं. स्वतःचा महापौर आणि नगर परिषद निवडायचा कायदा १९७३ चा. म्हणजे मी आले तेव्हा हे सगळं ताजं होतं. माझ्या ऑफिसातल्या वयस्क सहकारी बाई डीसीत जन्मल्या-वाढल्या होत्या, पण चाळिशी उलटेपर्यंत त्यांनी कशासाठीच मत दिलेलं नव्हतं. त्या दर निवडणुकीला ठेवणीतला ड्रेस घालून जात. डेलिगेटचा रकाना सोडायची भाषा त्यांच्यापुढे कोणी केली असती तर त्याची धडगत नव्हती.

आता नॉर्टनबाईंनी मताशिवाय काय केलं ते सांगते, कारण ते आमच्या घरात आलं आहे. डीसीला स्वतःचं सरकारी विद्यापीठ एकच. बाकी राज्यांतल्या मुलांना आपल्या राज्यातल्या डझनभर सरकारी कॉलेजांत कमी फी, आमच्या मुलांना सगळीकडे बाहेरच्यांची फी. १९९९ मध्ये कायदा झाला की डीसीच्या मुलांना दुसऱ्या राज्यातल्या सरकारी कॉलेजात जायचं असेल तर फीमधला फरक, वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत, फेडरल सरकार भरेल. बाईंनी तो दोन्ही पक्षांकडून करवून घेतला, आणि तेव्हा सभागृहात बहुमत रिपब्लिकनांचं होतं. माझा धाकटा त्याच पैशांवर शिकला. फीच्या बिलावर ती वजावट वेगळ्या ओळीत यायची, खाली उरलेली रक्कम आम्ही भरायचो. ती ओळ नसती तर त्याला आवडत्या कॉलेजात पाठवणं आम्हाला जमलं नसतं.

तेव्हा सायली, बघायचं काय तर हे: समोरच्या पक्षाच्या माणसाकडून काम काढून घेता येतं का.

निव्वळ_वाचक

सुमनताई, प्रतिसाद आवडला. +१

खडूस_कोथरूडकर

ताई, तुमच्या मुलाचं कल्याण झालं याचा आनंद आहे. पण तो कायदा पास झाला तेव्हा बाईंचं मत मोजलं नव्हतंच ना? म्हणजे कोणाच्या तरी कृपेने झाला. कृपा करणारा बदलला की काय होतं ते गेल्या वर्षी दिसलंच. मार्च २०२५ चं खर्चाचं विधेयक. त्यात डीसीला एखाद्या केंद्रीय खात्यासारखं धरलं आणि शहराच्या स्वतःच्या, स्थानिक करातून गोळा झालेल्या पैशांतून चालू वर्षात एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च कापायची वेळ आणली. सिनेटने दुरुस्तीचं वेगळं विधेयक मंजूर केलं, ते प्रतिनिधीगृहाने मतदानालाच घेतलं नाही. डेलिगेट होत्या की तिथे. काय झालं?

त्यानंतर ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी शहराचं पोलीस खातं महिनाभर ताब्यात घेतलं, नॅशनल गार्ड रस्त्यावर आणलं. तेव्हाही डेलिगेट होत्याच.

ॲडव्होकेट_आबा

@खडूस, ते विधेयक २१७ विरुद्ध २१३ ने पास झालं. डीसीला एक पूर्ण मत असतं तरी २१४ झाले असते. तेव्हा तुमच्या उदाहरणावरून 'मत नाही म्हणून हरले' असं निघत नाही.

खडूस_कोथरूडकर

वकीलसाहेब, मत नुसतं मोजायला नसतं, ते बाजारात न्यायला असतं. चार मतांच्या फरकावर चाललेल्या सभागृहात ज्याच्या हातात एक मत आहे त्याचा फोन सभापती स्वतः उचलतो. 'तुमच्या त्या विधेयकाला मी हात वर करतो, माझ्या शहराचं एवढं कलम काढा.' डेलिगेटने काय द्यायचं बदल्यात? शुभेच्छा?

झणझणीत

खडूस काका फॉर्मात आहेत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पोर्तोरिकोचा_पाटील

इथे डीसीवाल्यांचंच चाललंय, आम्हालाही बोलू द्या. मी औषध कंपनीत आहे, न्यू जर्सीहून बदली होऊन पोर्तो रिकोत (अमेरिकेच्या ताब्यातलं, पण राज्य नसलेलं बेट) सान हुआनजवळ आलो. अमेरिकन नागरिक आहे. जर्सीत असताना राष्ट्राध्यक्षासाठी मत देत होतो, इथे घर केलं आणि ते मत गेलं. पासपोर्ट तोच, नागरिकत्व तेच. उद्या फ्लोरिडात राहायला गेलो की परत मिळेल. इथे जन्मलेला माणूसही फ्लोरिडात गेला की त्याला मिळतं. हक्क माणसाला नाही, पत्त्याला चिकटलेला आहे.

डीसीला निदान राष्ट्राध्यक्ष निवडताना तीन इलेक्टोरल मतं आहेत. पोर्तो रिकोत २०२० च्या जनगणनेत बत्तीस लाखांवर लोक होते, त्यांना शून्य. प्रतिनिधीगृहात आमचा एक 'रेसिडेंट कमिशनर', तोही बिनमताचा. फरक एवढाच की त्याची मुदत चार वर्षांची, बाकी सगळ्यांची दोन.

मात्र इथे ही निवडणूक कोणी हसण्यावारी नेत नाही. इथले पक्षच वेगळे आहेत: एक राज्याचा दर्जा मागणारा, एक सध्याची व्यवस्था सुधारून ठेवू म्हणणारा, शिवाय स्वातंत्र्यवाले. २०२४ मध्ये लोकांनी गव्हर्नर निवडला राज्यवाल्या पक्षाचा (जेनिफर गोन्सालेस, ज्या आधी रेसिडेंट कमिशनर होत्या) आणि वॉशिंग्टनला पाठवला विरोधी पक्षाचा पाब्लो होसे एर्नांडेस. म्हणजे मतदारांनी दोन रकाने वेगवेगळा विचार करून भरले. तेव्हा 'मत नाही तर बघायचं काय' याचं एक उत्तर: तो वॉशिंग्टनमध्ये जाऊन तुमच्या वतीने नेमकं काय मागणार ते बघा. आणि हो, निष्पक्षपणे सांगायचं तर इथल्या कमाईवर आम्हाला बहुतेकांना फेडरल इन्कम टॅक्स नाही. सोशल सिक्युरिटी वगैरे कापतात. डीसीवाल्यांची तक्रार त्या बाबतीत जास्त खरी आहे.

सायली_डीसी

@पाटील, टॅक्सचं तर आमच्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरच लिहिलेलं असतं. २००० पासून 'टॅक्सेशन विदाउट रिप्रेझेंटेशन', आणि २०१७ पासून त्याच्या आधी 'एंड' लावलं, कारण नुसतं वाचून पर्यटकांना वाटायचं आम्ही अभिमानाने मिरवतोय. क्लिंटननी जाता जाता ती प्लेट राष्ट्राध्यक्षांच्या गाडीला लावली, बुशनी काढली, ओबामांनी २०१३ मध्ये परत लावली.

मांडवीकाठ

गोव्यातून एक अवांतर. पोर्तुगीज राजवट म्हटलं की आपण जुलूमच आठवतो, आणि तो होताच. पण १८२२ मध्ये गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी निवडून गेले आणि ते पूर्ण सदस्य म्हणून. बेर्नार्दु पेरिश द सिल्वा त्यातलेच, पुढे ते गोव्याचे प्रीफेक्ट, म्हणजे कारभारप्रमुख झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिश्कु लुईश गोमिश यांनी तिथल्या संसदेत वसाहतींच्या बाजूने भाषणं केली. मतदार होते मूठभर, जमीनदार आणि शिकलेले, सामान्य गावडा-कुणबी त्यात कुठेच नव्हता. तरी वसाहतीतल्या माणसाला राजधानीच्या सभागृहात मत होतं. आज एकविसाव्या शतकात अमेरिकेच्या ताब्यातल्या गुआम बेटावरच्या माणसाला ते नाही.

ॲडव्होकेट_आबा

उत्तम माहिती. त्याला जोडून: दादाभाई १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत गेले तेही पूर्ण मताने, पण ते लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून. मुंबईला तिथे एकही जागा नव्हती. म्हणजे पाटलांचा मुद्दा, हक्क पत्त्याचा.

झणझणीत

आणि आजच्या अमेरिकन संसदेत श्री ठाणेदार बेळगावचे, मिशिगनमधून निवडून आलेले, पूर्ण मतासकट. बेळगावच्या माणसाला वॉशिंग्टनमध्ये मत आहे आणि वॉशिंग्टनच्या माणसाला नाही!

मिरजेचा_बंडू

बेळगावचा विषय निघालाच आहे तर सीमाप्रश्नावर आपल्या सगळ्याच पक्षांनी

प्रशासक

बंडूचा उरलेला प्रतिसाद काढला आहे. सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे. इथे डेलिगेटवर बोला.

गुआम_रिटर्न

मी नौदलाच्या कंत्राटी कामावर गुआमला राहून आलो आहे. तिथे १९८० पासून राष्ट्राध्यक्षपदासाठीही मतदान घेतात! ते कुठेच मोजलं जात नाही, नुसता कौल. लोक तरी देतात. सैन्यात भरतीचं प्रमाण तिथे खूप, प्रत्येक घरात कोणीतरी गणवेशात. ज्याच्या हुकमावर युद्धाला जायचं त्या सेनापतीला निवडायचं मत नाही.

अमेरिकन सामोआचं तर आणखी पुढचं. तिथे जन्मलेले लोक जन्माने अमेरिकेचे नागरिकही नाहीत, 'नॅशनल' आहेत. त्यांचीही एक डेलिगेट आहे, बिनमताची.

ॲडव्होकेट_आबा

थोडा इतिहास, कारण मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. हे पद शिक्षा म्हणून निघालेलं नाही, ती प्रतीक्षा यादी होती. पहिला डेलिगेट १७९४ चा, जेम्स व्हाइट, आजच्या टेनेसीच्या भागातून. १७९९ मध्ये वायव्य प्रदेशातून विल्यम हेन्री हॅरिसन गेले, मताशिवाय त्यांनी १८०० चा जमीनविक्रीचा कायदा करून घेतला आणि पुढे राष्ट्राध्यक्षही झाले. प्रदेश वाढला, राज्य झालं, डेलिगेटचा खासदार झाला. हवाईचे राजपुत्र कुहिओ १९०३ पासून १९२२ मध्ये वारेपर्यंत डेलिगेट होते, हवाईला राज्य करा असं पहिलं विधेयक त्यांनी १९१९ मध्ये मांडलं. राज्य झालं १९५९ मध्ये. चाळीस वर्षं लागली, पण दार होतं.

डीसीचं दार मात्र कोणी उघडत नाही. १९७८ मध्ये डीसीला पूर्ण प्रतिनिधित्व देणारी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांनी मंजूर केली. ३८ राज्यांची संमती हवी होती, सात वर्षांत १६ मिळाल्या. २०२० आणि २०२१ मध्ये नॉर्टन यांचं राज्याच्या दर्जाचं विधेयक प्रतिनिधीगृहात पास झालं, दुसऱ्यांदा २१६ विरुद्ध २०८ ने, सिनेटमध्ये अडकलं. विधेयकाला क्रमांक ५१ घेतला होता, एक्कावन्नावं राज्य म्हणून. आणि ते मांडणाऱ्या बाईंना स्वतःच्या विधेयकावर मत देता आलं नाही.

निव्वळ_वाचक

शेवटचं वाक्य वाचून कसंतरीच झालं.

खडूस_कोथरूडकर

याहून भारी ऐका. मधेच एक प्रयोग झाला होता. पूर्ण सभागृहाची समिती म्हणून बैठक चालते, दुरुस्त्यांवर मतं घेतात, तिथे डेलिगेटना १९९३ मध्ये मत दिलं. अट काय? त्यांच्या मतांमुळे निकाल फिरला तर त्यांना वगळून परत मतदान घ्यायचं!!

म्हणजे तुमचं मत मोजणार, फक्त त्याने काही फरक पडत नसेल तेव्हा.

ॲडव्होकेट_आबा

हे खरं आहे. रिपब्लिकन कोर्टात गेले होते, कोर्टाने याच अटीमुळे ती व्यवस्था चालू दिली. १९९५ मध्ये बहुमत बदललं, मत गेलं. २००७ मध्ये आलं, २०११ मध्ये गेलं, २०१९ मध्ये आलं, २०२३ मध्ये पुन्हा गेलं.

झणझणीत

पंगतीत पाट मांडला, पान वाढलं, आणि हात लावला की उचललं.

रॉकव्हिलचा_बाळ्या

म्हणूनच म्हणतो, मेरीलँड. तुम्ही राज्य राज्य म्हणून अडून बसलाय आणि दोन डेमोक्रॅटिक सिनेटर आयते वाढतील म्हणून रिपब्लिकन ते कधीच होऊ देणार नाहीत. आमच्यात आलात तर खासदार लगेच.

सायली_डीसी

२०१६ च्या सार्वमतात डीसीच्या ८५ टक्क्यांहून जास्त मतदारांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. वायोमिंगमध्ये आमच्यापेक्षा लोक कमी, व्हर्माँटमध्येही कमी, त्यांना दोन-दोन सिनेटर. मग आम्हीच का कोणाच्या तरी घरात पोटभाडेकरू व्हायचं? शिवाय तुमच्या अॅनापोलिसमधल्या मेरीलँड सरकारला हे सात लाख शहरी मतदार हवेत का, ते आधी विचारून या.

रॉकव्हिलचा_बाळ्या

ते विचारलं तर नाहीच म्हणतील. :)

सुमनताई

@खडूस, तुमचं बाजाराचं म्हणणं मला पटतं. सभागृहातलं मत हे नाणं आहे आणि आमच्याकडे ते नाही. पण तिथे तेवढं एकच नाणं चालत नाही. समितीतलं मत खरं आहे, ते मोजतात. ज्येष्ठता खरी आहे. २०१९ ते २०२३ नॉर्टनबाई महामार्ग आणि सार्वजनिक वाहतुकीच्या उपसमितीच्या अध्यक्ष होत्या. पूर्ण मत असलेले खासदार आपल्या मतदारसंघातल्या पुलासाठी या बिनमताच्या बाईंकडे येत होते. फोन तेव्हा तेही उचलत असत.

व्हर्जिन आयलंडच्या स्टेसी प्लास्केट घ्या. २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगात सिनेटसमोर खटला चालवणाऱ्यांत त्या होत्या. महाभियोग करायचा की नाही यावर प्रतिनिधीगृहात त्यांना मत देता आलं नव्हतं, आणि बाजू मात्र त्यांनी मांडली, साऱ्या देशाने पाहिली. ती कामगिरी त्यांच्याकडे आली कारण त्या आधी सरकारी वकील होत्या आणि उभ्या राहून मुद्दा मांडता येत होता.

खडूस_कोथरूडकर

ताई, उत्तम वक्ता पाठवा म्हणताय तर ठीक. पण नवीन येणाऱ्याची ज्येष्ठता शून्य. बाईंची पस्तीस वर्षं त्यांच्याबरोबर घरी जाणार.

ॲडव्होकेट_आबा

इथे खडूस यांच्याशी पूर्ण सहमत, तारीख नोंदवून ठेवा. मर्यादाही माहीत असू द्या. डेलिगेटला सभापतीच्या निवडीत मत नाही. अडकलेलं विधेयक समितीतून ओढून बाहेर काढायला २१८ सह्या लागतात, त्यात डेलिगेटची सही चालत नाही. तेव्हा 'मी वॉशिंग्टनमध्ये गेलो की असं करीन, तसं थांबवीन' अशी भाषा ज्या पत्रकात असेल ते बाजूला ठेवा. 'अमुक समितीत जागा मागीन, तमुक रिपब्लिकनांबरोबर काम केलं आहे' असं ज्यात असेल ते नीट वाचा.

एचवनबी_हैराण

मधेच एक शंका. मी डीसीत एच-१बीवर आहे. इथल्या कायद्याने २०२४ पासून नागरिक नसलेल्यांनाही स्थानिक निवडणुकीत मत आहे असं वाचलं. मी देऊ शकतो का?

सायली_डीसी

हो, महापौर, नगर परिषद, शाळा मंडळ यासाठी. डेलिगेट फेडरल पद असल्यामुळे त्यासाठी नाही. नोंदणी वेगळी होते, मतपत्रिकाही वेगळी.

ॲडव्होकेट_आबा

पण थांबा. पुढे सिटिझनशिपच्या अर्जात 'कधी मत दिलं आहे का, नोंदणी केली आहे का' असं विचारतात. तुमच्या इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा आणि त्याचं उत्तर लेखी घ्या. इथल्या आबाचं ऐकून काही करू नका, मी सातारच्या कोर्टात उभा राहतो.

झणझणीत

म्हणजे एच-१बीवाल्याला खरा अधिकार असलेल्या महापौरासाठी मत, आणि सायलीताईंनी शपथ घेऊन, झेंडा हलवून काय जास्तीचं मिळवलं? तर बिनमताचा डेलिगेट!

सायली_डीसी

आणि तीन इलेक्टोरल मतांतला माझा वाटा, विसरू नका. :D

सुमनताई

सायली, एक कामाचं. नोंदणी करताना पक्ष कोणता लिहिलास? इथली प्रायमरी फक्त पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांसाठी असते. 'कोणताच पक्ष नाही' लिहिलं असेल तर जूनमध्ये तुला डेलिगेटच्या प्रायमरीत मत नाही, आणि डीसीत खरी लढत डेमोक्रॅटिक प्रायमरीतच होते, नोव्हेंबर हा उपचार. २०२४ मध्ये लोकांनी अपक्षांना प्रायमरी खुली करायचा ठराव पास केला होता, पण नगर परिषदेने त्यातला उमेदवारांना पसंतीक्रम देण्याचा भाग तेवढा अमलात आणला, खुली प्रायमरी बाजूला ठेवली. पक्ष बदलायची मुदत मतदानाच्या बरीच आधी संपते, आजच बघ.

दुसरं, मतपत्रिकेवर 'डेलिगेट' वेगळा आणि 'युनायटेड स्टेट्स रिप्रेझेंटेटिव्ह' वेगळा. नाव भारदस्त असलेला तो दुसरा शॅडो प्रतिनिधी, त्याला सभागृहात जागाही नाही आणि पगारही नाही, काम फक्त राज्याच्या दर्जासाठी प्रचार करणं. दर वेळी लोक गोंधळतात.

खडूस_कोथरूडकर

बिनमताच्या खासदाराच्या खाली बिनखुर्चीचा खासदार! मी माझी उमेदवारी मागे घेतो. पगार नाही म्हणता ना.

सायली_डीसी

बाप रे. ताई, थँक्यू. मी खरंच 'कोणताच पक्ष नाही' लिहिलं होतं, कारण फॉर्म भरताना तेच सभ्य वाटलं. आत्ताच ऑनलाइन बदलायचा अर्ज टाकला.

आता ठरवलं ते असं. डेलिगेटचा रकाना सोडणार नाही. पसंतीक्रम पाच जणांपर्यंत देता येतो, त्यातले पहिले दोन ठरवायला रविवारी आमच्या वाचनालयात उमेदवारांची सभा आहे तिथे जाते. प्रश्न एकच विचारीन: विरोधी पक्षाच्या कोणत्या माणसाकडून आजवर काय काढून घेतलंत, नाव घेऊन सांगा. जो राज्याच्या दर्जावर भाषण सुरू करेल त्याला तिसरा क्रमांक.

रॉकव्हिलचा_बाळ्या

सभेत माझा मेरीलँडचा पर्यायही विचार ना एकदा.

सायली_डीसी

घरी परत यायचं आहे मला.

मिरजेचा_बंडू

प्रशासक, सीमाप्रश्नाच्या धाग्याची लिंक द्या.